हरलेल्याचा कागद

जुन्या मराठी दफ्तरांत वतनाच्या तंट्यांचे जे कागद सापडतात, त्यांत एक कागद इतरांपेक्षा वेगळा असतो. तो जिंकणाऱ्याच्या घरी जपलेला असतो, पण लिहून दिलेला असतो हरणाऱ्याने. ‘तुमच्या वतनाशी मी भांडलो, मनसुबीत खोटा झालो, यापुढे मी किंवा माझ्या लेकराबाळांनी या वतनावर हक्क सांगू नये, सांगितल्यास गोतात अन्यायी आणि दिवाणात गुन्हेगार’ अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. या कागदाला यजितखत म्हणत. काही ठिकाणी येजितखत किंवा यजितपत्र असेही लिहिलेले आढळते.

आजच्या वाचकाला हा कागद चमत्कारिक वाटेल. आपल्या न्यायालयात हरलेला पक्षकार काहीही लिहून देत नाही. न्यायाधीश निकाल देतात, हुकूमनामा तयार होतो, आणि हरलेला माणूस अपिलाची मुदत मोजू लागतो. निकाल त्याला पटला की नाही, हे कोणी विचारत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या न्यायसभेला मात्र हरलेल्याचा कबुलीजबाब मिळेपर्यंत आपले काम पुरे झाले असे वाटत नसे.

कोणतीही न्यायव्यवस्था घेतली, तरी तिला पाच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. निवाडा कोणी करायचा? खरे काय ते कसे ठरवायचे? कोणत्या नियमाने तोलायचे? तंटा संपला असे केव्हा मानायचे? आणि हरणाऱ्याने निवाडा का पाळायचा? पहिल्या चार प्रश्नांवर भरपूर लिहिले जाते. पाचवा प्रश्न मागे पडतो. महाराष्ट्रातल्या तीनशे वर्षांच्या न्यायपद्धतीकडे या पाचव्या प्रश्नाच्या बाजूने पाहिले, तर काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब थोडा वेगळा लागतो.

गोत आणि मजालस

मराठेशाहीत न्यायाधीश हे पद होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत निराजी रावजी हे न्यायाधीश होते. पण रोजचा न्याय राजधानीत होत नव्हता. तो गावात आणि परगण्यात होत होता. गावच्या तंट्याला पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, मिरासदार आणि बलुतेदार एकत्र बसत. ही गोतसभा. ‘गोत’ म्हणजे केवळ नातेवाईक नव्हेत. ज्यांच्याबरोबर गावात जन्म काढायचा, ते सगळे गोत. परगण्याच्या पातळीवर देशमुख-देशपांडे येत. सरकारी अधिकारी आणि हे वतनदार मिळून जी सभा भरे, तिला मजालस म्हणत. आदिलशाही-निजामशाहीच्या काळातल्या महजरांवर काझीचाही शिक्का दिसतो. राज्य बदलले, वरचा अंमलदार बदलला, तरी खालची बैठक बहुतेक तीच राहिली.

डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या ग्रंथात (१९५३) शेकडो निवाडपत्रे आणि महजर तपासून या व्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यातून दिसते की ही पद्धत अघळपघळ नव्हती. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. प्रत्येकाने आपली तकरीर लिहून द्यायची. वतनाचा तंटा असेल तर करीना द्यायचा, म्हणजे हे वतन आपल्या घराण्याकडे कसे आले, कोणत्या पिढीत कोणी काय केले, याची मुळापासून हकीकत. आपल्या गावच्या सभेत पक्षपात होईल अशी कोणाला धास्ती वाटली, तर तो परस्थळ मागू शकत असे. मग तंटा दुसऱ्या गावच्या किंवा दुसऱ्या परगण्याच्या सभेपुढे जाई.

यातली सर्वांत महत्त्वाची पायरी मात्र पुरावा सुरू होण्याआधीची होती. दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेतला जाई. आज हा शब्द आपण नोकरी सोडण्यासाठी वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ अक्षरशः राजी असल्याचा कागद असा होता. ‘या सभेने जो निवाडा करावा तो आम्हांस मान्य’ असे दोघांनी आधीच लिहून द्यायचे आणि त्या शब्दाला जामीन द्यायचा. जामीन राहणारा माणूस गोतातलाच असे. शब्द फिरवला तर अडचणीत येणार तो शेजारी, सोयरा किंवा भाऊबंद. निवाडा पाळला जाण्याची पहिली तजवीज अशी निवाड्याच्या आधीच झालेली असे.

खरे कसे ठरवायचे

मग पुरावा. कागद असेल तर कागद, नसेल तर साक्षीदार. साक्षीदाराला देवळात किंवा नदीकाठी उभे करून बेलभंडार उचलायला लावत. खोटे बोललास तर तुझे पूर्वज नरकात जातील, असे बजावत. हे निव्वळ भाबडेपण नव्हते. साक्षीदार परका नसे. तो शेजारच्या गावचा पाटील किंवा त्याच गावचा म्हातारा कुणबी असे आणि खोटी साक्ष दिल्यावर त्याला त्याच लोकांत राहायचे असे.

कागद आणि साक्ष दोन्ही कमी पडले की दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. आधी हात धुऊन नखे काढीत, नंतर हातावर पिशवी बांधून मोहर करीत, आणि तिसऱ्या दिवशी सभेसमोर ती उघडून हात पाहत. भाजल्याची खूण असली तर तो खोटा. कृष्णेच्या पात्रात दोन्ही पक्षांना उभे करून, तिऱ्हाईताने खऱ्याचा हात धरून बाहेर काढायचे, अशीही रीत होती. आजच्या कसोटीवर यातले काहीच टिकणार नाही. ज्याच्या हातावर घट्टे तो खरा ठरण्याचा संभव अधिक, एवढेच फार तर म्हणता येईल. तरीही दिव्य नेमके कशासाठी होते हे लक्षात घ्यायला हवे. माणसांना ज्याचा निर्णय करता येत नाही, अशा तंट्याला कुठे तरी शेवट हवा असतो. आपल्या शेजाऱ्याने मला खोटे ठरवले असे म्हणण्यापेक्षा देवाने ठरवले असे म्हणणे हरणाऱ्याला सोपे जाते. दिव्याने सत्य सापडत नसले, तरी हरणाऱ्याला माघार घ्यायला एक वाट मिळत असे.

तंटा संपतो केव्हा

शेवटी महजर होई. त्यात दोघांच्या तकरिरी, साक्षी आणि निवाडा यांचा सारांश असे आणि हजर असलेल्या सर्वांच्या नावांची यादी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपापल्या धंद्याची निशाणी करायची. पाटलाचा आणि कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे हत्यार. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. दोन्ही बाजूंनी पैसा घेणारे हे सरकार लोभी वाटेल आणि काही प्रमाणात ते होतेही. पण हरकी भरल्याचा दाखला हा निवाड्यावर राज्याचे छत्र आल्याचा पुरावा ठरत असे.

आणि सर्वांत शेवटी यजितखत. इथे पाचव्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गावाकडे शिपाई नव्हते. निवाडा अमलात आणणारे वेगळे खाते नव्हते. होती ती माणसांची आठवण आणि माणसांची भीड. म्हणून निवाडा जितक्या जास्त लोकांच्या देखत होईल तितका बळकट. म्हणून हरणाऱ्याच्या तोंडून आणि हातून कबुली हवी. उद्या त्याचा नातू पुन्हा भांडायला उठला, तर त्याच्यापुढे त्याच्याच आजाचा कागद ठेवता यावा.

नातू उठत नसे असे नाही. काही वतनांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले. महजरांच्या जोडीला महजर झाले, राज्य बदलले की जुना हरलेला पक्ष नव्या दरबारात नवी फिर्याद घेऊन गेला. यजितखत हा रामबाण नव्हता. तो एक प्रयत्न होता.

जे यजितखत कधीच लिहिले गेले नाही

या व्यवस्थेचे दुबळेपण तिच्या बळातच होते. हरणाऱ्याला गोताची गरज असेल तोवरच गोताचा वचक. ज्याला कोणाचीच गरज नाही, त्याचे काय?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोषाचे बोट प्रत्यक्ष रघुनाथरावांकडे वळले, जे त्या वेळी पेशवेपदावर बसले होते. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितल्याची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. त्यानंतर ते पद सोडून पुण्याबाहेर गेले. कारभाऱ्यांनी रघुनाथरावांना बाजूला सारल्यावर ते परत आले. आपण या प्रसंगाकडे निःस्पृहतेचे उदाहरण म्हणून पाहतो आणि ते खरेच आहे. पण न्यायव्यवस्थेच्या अंगाने पाहिले तर ही तिची हार आहे. निवाडा झाला, तो बरोबर होता, आणि तो पाळायला लावणारे कोणी नव्हते. न्यायाधीशाच्या हाती उरले ते फक्त स्वतःचे पद सोडणे.

दुसरे टोक गावाच्या तळाशी होते. महजरावर बलुतेदारांच्या निशाण्या असत आणि त्यांत महाराची निशाणीही असे. गावची शीव कुठली हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसे, म्हणून शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची. पण त्याची स्वतःची फिर्याद त्याच पाटलाविरुद्ध असली, तर सभा त्याच पाटलाची होती. शिक्षाही सर्वांना सारखी नव्हती. ब्राह्मणाला सहसा देहान्त शिक्षा होत नसे, त्याऐवजी किल्ल्यावर कैद होई. गोत म्हणजे ज्यांच्याबरोबर जन्म काढायचा ते सगळे, असे वर म्हटले. त्या ‘सगळ्यां’त पायऱ्या होत्या आणि शेवटच्या पायरीवरच्या माणसाची राजीखुशी कधी खरोखर विचारली गेली, असे म्हणणे धाडसाचे होईल.

एल्फिन्स्टनचा पेच

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखावर आपला सविस्तर अहवाल लिहिला. त्यात त्याने पंचायतीचे दोष लपवले नाहीत. पंचांना वेतन नाही, त्यामुळे ते वेळेवर जमत नाहीत. पक्षकाराला हजर करण्याचे बळ नाही. निकाल लांबतो. त्यामुळे लोक स्वतःच वसुली करतात. या वसुलीच्या रिवाजाचे, म्हणजे तगाद्याचे, त्याने बारकाईने वर्णन केले आहे. धनको ऋणकोच्या दारात धरणे धरतो, त्याला जेवू देत नाही, स्वतःही उपाशी राहतो. ज्याला अब्रूची चाड आहे त्याच्यावर हा उपाय चाले. एवढे दोष सांगूनही हा मुलूख या पद्धतीखाली नांदत होता, हे त्याने मान्य केले आणि पंचायत हेच न्यायदानाचे मुख्य साधन ठेवावे, असे सुचवले.

ते टिकले नाही. कारण साधे होते. पंचायतीच्या शेजारी सरकारी अदालत उभी राहिली आणि तिच्याकडे शिपाई होते. पंचायतीत हरलेल्याला आता दुसरे दार होते. जिंकणाऱ्यालाही कबुलीपेक्षा जप्तीचा हुकूम अधिक खात्रीचा वाटू लागला. राजीनामा देण्याचे कारणच संपले. १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे संहितेच्या रूपाने आले. त्यांत कोणता नियम लावायचा याचा क्रम ठरवून दिला होता. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तेथे मुलखाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. तिसऱ्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर महाराष्ट्राला पूर्वी मिळाले नव्हते. पाचव्याचे उत्तरही स्वच्छ होते. निवाडा पाळायचा, कारण सरकार पाळायला लावील.

हे लहान पाऊल नव्हते. आता पाटलाविरुद्धची फिर्याद पाटलापुढे न्यावी लागणार नव्हती. निदान कागदावर तरी फिर्यादीची जात विचारात घ्यायची नव्हती. वरच्या न्यायालयात दाद मागता येत होती. १८६२ मध्ये मुंबईला उच्च न्यायालय आले. रामशास्त्र्यांच्या हाती जे नव्हते, ते बळ न्यायाधीशाच्या मागे आले.

सुप्याची होळी

या स्वच्छ उत्तराची किंमत पुढच्या पन्नास वर्षांत कळली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षे केली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. तो खाली निशाणी करी, नांगराची.

हाच नांगर पूर्वी महजरावर उमटत होता. तेव्हा तो भरल्या सभेत, गावाच्या देखत, साक्षीदाराचा म्हणून उमटे. आता तो सावकाराच्या ओसरीवर, एकट्या माणसाचा, न वाचलेल्या कागदावर उमटत होता. न्यायालयात तो कागद म्हणजे निर्णायक पुरावा होता. दाव्याचे समन्स निघे, शेतकरी तालुक्याला जात नसे, गेला तर काय बोलायचे ते त्याला ठाऊक नसे, आणि दावा एकतर्फी निकाली निघे. न्यायाधीशाने काही चुकीचे केले नव्हते. कागद होता, निशाणी होती, प्रतिवादी गैरहजर होता.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावी अशाच हुकूमनाम्यात एका कर्जदाराचे घर विकले गेले. तेव्हा गावाने सावकारावर बहिष्कार घातला. त्याची हजामत नाही, त्याला पाणी नाही. गोताचे जुने हत्यार अदालतीच्या निवाड्याविरुद्ध बाहेर आले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी तो पसरला. बहुतेक ठिकाणी सावकारांच्या जिवाला धक्का लागला नाही. लोकांना हवे होते ते रोखे, खतावण्या आणि हुकूमनामे. ते मिळाले की त्यांची होळी करून ते घरी जात. हरलेल्यांनी यजितखत दिले नाही. उलट जिंकणाऱ्याचा कागदच जाळला.

चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. शेतकऱ्याला कर्जासाठी कैद करता येणार नव्हते. दाव्याआधी सलोख्याचा प्रयत्न करायचा होता. रोखे ग्रामनिबंधकापुढे व्हायचे होते. आणि न्यायाधीशाने रोख्यावर थांबायचे नव्हते. व्यवहार पहिल्यापासून कसा झाला, मूळ रक्कम किती, व्याज किती, हे सर्व खोदून पाहायचे होते. दुसऱ्या शब्दांत, कायद्याने न्यायालयाला करीना मागायला सांगितले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालच्या न्यायदानाचे काम अनेक वर्षे केले.

परत गोताकडे?

अशा वेळी जुन्याची ओढ वाटणे साहजिक होते. विसाव्या शतकात ग्रामपंचायतींना पुन्हा न्यायाचे अधिकार द्यावेत, असा विचार जोर धरू लागला. १९३२ मध्ये मुंबई कायदे मंडळात असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. जातीजातींत विभागलेल्या गावाने निवडलेले, कायद्याचे शिक्षण नसलेले आणि गावातल्या बलवंतांवर अवलंबून असलेले पंच अस्पृश्यांना न्याय देतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. १९४८ मध्ये घटना समितीतही त्यांनी गावाच्या गौरवगानाला कठोर उत्तर दिले. त्यांचा मुद्दा थेट आपल्या पाचव्या प्रश्नाला भिडतो. ज्याला पाणवठा, काम आणि वाट यांसाठी समोरच्याच माणसांवर अवलंबून राहायचे आहे, त्याच्या ‘राजी आहे’ या शब्दाला अर्थ काय?

हा प्रश्न जुना झालेला नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याच्या प्रकारांमुळे महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०१६ चा तो कायदा जुलै २०१७ पासून अमलात आला. करड्याच्या लोकांनी सावकाराविरुद्ध उचललेले हत्यार आज बहुधा दुबळ्याविरुद्ध उचलले जाते आणि त्याला कायद्याने गुन्हा ठरवले, हे योग्यच झाले.

तरीही समजुतीने तंटा मिटवण्याची गरज संपलेली नाही. २००७ मध्ये राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतीला आधार दिला. लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीने जो निवाडा होतो, त्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. आपण राजी होऊन जे स्वीकारले त्याविरुद्ध तक्रार कसली, हा जुनाच विचार त्यामागे आहे. आजही आपल्या न्यायालयांत पक्षकार ‘पुरसीस’ देतात आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी ‘दरखास्त’ लावतात. शब्द मागे राहिले आहेत.

गोतसभेला माणसाची कबुली मिळवता येत होती, पण ती खुशीची की धाकाची हे तिने पाहिले नाही. अदालतीला धाक लागला नाही, तिच्याकडे शिपाई होता. पण कबुलीची गरज उरली नाही, तेव्हा समोरच्याला काही कळले की नाही हे विचारण्याचीही गरज उरली नाही आणि त्याचा जाब सुप्यात मिळाला. लोकअदालतीच्या टेबलावर तडजोडीचा कागद पुढे सरकवला जातो, तेव्हा हे दोन्ही धडे एकाच वेळी आठवायला हवेत. सही करणाऱ्याने तो वाचला आहे का, आणि नाही म्हणण्याची त्याला मोकळीक आहे का, या दोन गोष्टी विचारल्या गेल्या, तरच त्या सहीला यजितखताचा मान मिळेल. नाही तर ती सावकाराच्या ओसरीवरची नांगराची निशाणी ठरेल.